फिकट पानाचा महिमा : सौम्य चिरुटाच्या पारखीचा इतिहास

चिरुटाची पारख करणारा मनुष्य चिरूट पेटविण्यापूर्वीच त्याच्याविषयी एक निर्णय घेऊन बसलेला असतो. वेष्टनाचे पान फिकट, सोनेरी पिंगट व तुळतुळीत असेल तर चिरूट सौम्य. ते गडद, तेलकट व काळपट असेल तर चिरूट उग्र, असा हा निर्णय होय. जिभेला साक्षीस बोलाविण्याआधी डोळ्याने दिलेला हा निकाल इतका सर्वमान्य झाला आहे की, तंबाखूच्या व्यापारात पानाचा फिकटपणा आणि चिरुटाची सौम्यता हे जवळजवळ पर्यायी शब्द म्हणून वावरतात. तंबाखूच्या झाडाची रचना आणि चिरुटाची बांधणी या दोहोंच्या दृष्टीने पाहिल्यास मात्र या समीकरणाला आधार फार थोडा आहे. मग ते रूढ कसे झाले? या प्रश्नाचे उत्तर रसनेच्या शास्त्रात सापडत नाही. ते एकोणिसाव्या शतकातील सुमात्रा, अमेरिकेचे जकातीचे कायदे, कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यातील कापडी मांडव आणि १९६२ ची क्यूबाविरुद्धची व्यापारबंदी यांच्या इतिहासात शोधावे लागते.

तमिळ भाषेत 'सुरुट्टु' म्हणजे गुंडाळी. तोच शब्द युरोपीय व्यापाऱ्यांच्या तोंडून फिरत इंग्रजीत 'चेरूट' झाला व मराठीत 'चिरूट' होऊन स्थिरावला. तिरुचिरापल्ली व दिंडुक्कल येथील चिरुटांची कीर्ती एकोणिसाव्या शतकात इंग्लंडपर्यंत पोहोचली होती. कॉनन डॉयलच्या 'अ स्टडी इन स्कार्लेट' (१८८७) या कादंबरीतील गुप्तहेर केवळ राखेवरून त्रिचनापल्लीचा चिरूट ओळखतो, तो याच कीर्तीच्या बळावर. तथापि तो काळसर चिरूट निराळा. येथे विचारात घ्यावयाचा सौम्य व महागडा चिरूट क्यूबा व कॅरिबियन बेटांच्या परंपरेतला आहे. मराठी वाचकास परिचित असलेल्या विडीशी त्याची तुलना केल्यास त्याचे वैशिष्ट्य चटकन ध्यानात येते. विडीत तंबाखू असतो तो केवळ आत. वरचे पान टेंभुर्णीचे. चिरुटात मात्र आतला गाभा, त्याला आवळून धरणारे बंधपान आणि सर्वांत वरचे वेष्टनपान ही तिन्ही तंबाखूचीच असतात. म्हणून विडीच्या पानाला जो प्रश्न कोणी विचारीत नाही तो चिरुटाच्या वेष्टनाला विचारला जातो : याची स्वतःची चव कोणती?

आता उग्रता येते कोठून ते पाहू. तंबाखूच्या एकाच झाडावरील पाने सारखी नसतात. क्यूबन परिभाषेत बुंध्याजवळच्या पानांस 'व्होलादो', मधल्यांस 'सेको' व शेंड्याकडील पानांस 'लिगेरो' म्हणतात. शेंड्याच्या पानांना ऊन सर्वाधिक मिळते आणि ती झाडावर सर्वांत उशिरापर्यंत राहतात. त्यामुळे ती जाड, तेलयुक्त, निकोटीनने समृद्ध व सावकाश जळणारी होतात. खालची पाने पातळ असतात, चटकन पेट घेतात आणि त्यांत जोर कमी असतो. गाभ्याच्या मिश्रणात लिगेरो किती घालावयाचा, यावर चिरुटाचा जोर मुख्यत्वे अवलंबून असतो. कसबी वळणारा हे पान गाभ्याच्या नेमके मध्यभागी ठेवतो, म्हणजे ते भोवतालच्या पानांच्या आचेवर जळत राहते. वेष्टनपान चवीत भर घालते, पहिल्या झुरक्यांना तर त्याचीच चव अधिक असते; परंतु संपूर्ण चिरुटाच्या वजनात त्याचा वाटा अल्प आहे. फिकट वेष्टनाच्या आत लिगेरोने भरलेला उग्र गाभा आणि काळ्या वेष्टनाच्या आत अगदी मवाळ गाभा, अशी दोन्ही उदाहरणे बाजारात विपुल आहेत. गडद वेष्टन तर दीर्घ किण्वनाने पुष्कळदा गोडसर झालेले असते.

पारखीची प्रचलित रीत हे सर्व जाणते, आणि तरीही डोळ्यापासूनच आरंभ करते. प्रथम वेष्टनाच्या शिरा किती नाजूक आहेत, रंग एकसारखा आहे की नाही, पानाचा जोड दिसतो काय, हे पाहिले जाते. मग चिरूट बोटांत हलके दाबून कोठे पोकळी वा गाठ लागते का, हे तपासतात. टोक कापल्यानंतर न पेटविताच एक झुरका घेतात; या कोरड्या झुरक्यात वाळलेल्या गवताचा किंवा देवदाराच्या लाकडाचा गंध यावा अशी अपेक्षा असते. पुढचे टोक ज्वालेला न भिडविता सभोवार शेकून पेटविले जाते, आणि मिनिटाला साधारण एक झुरका या गतीने चिरूट ओढला जातो. धूर छातीत घ्यावयाचा नसतो. तो तोंडात घोळवून, त्यातला थोडा नाकावाटे सोडला म्हणजे सूक्ष्म गंध कळतात. परीक्षक चिरुटाचे मनाने तीन भाग कल्पून प्रत्येक भागाची नोंद स्वतंत्रपणे करतो, कारण जळत्या टोकामागे तेल व ओलावा साठत जाऊन शेवटचा भाग नेहमीच अधिक तीव्र लागतो.

या परीक्षेत सौम्य चिरूट हा उग्र चिरुटापेक्षा अधिक अवघड उमेदवार ठरतो. उग्र चिरुटाचा तिखटपणा त्याचे पुष्कळसे दोष झाकून टाकतो. सौम्य चिरुटाला असे पांघरूण नसते. पान पुरेसे आंबले नसेल तर अमोनियाचा दर्प लगेच जाणवतो. चिरूट घाईने ओढला तर तो तापून कडवटतो. गाभा सैल असेल तर धूर उष्ण व पोकळ लागतो. शिवाय तीन वेगवेगळ्या गोष्टींची येथे सतत गल्लत होते. जोर म्हणजे निकोटीनचा शरीरावरील परिणाम. भारदस्तपणा म्हणजे धुराचा जिभेवर जाणवणारा घट्टपणा. आणि स्वाद म्हणजे साय, भाजलेले बदाम, पांढरी मिरी अशा उपमांनी सांगितला जाणारा गंधरसांचा समूह. जोर कमी असूनही स्वाद भरपूर असणे हीच उत्तम सौम्य चिरुटाची कसोटी होय. ज्यात जोरही नाही व स्वादही नाही तो चिरूट सौम्य नव्हे, नुसता निःसत्त्व. राखेचेही असेच आहे. पांढरी, घट्ट राख ही उंची पानाची खूण म्हणून सांगितली जाते. वस्तुतः राखेचा रंग पानातील खनिजांशी, विशेषतः मॅग्नेशियमशी निगडित असतो, म्हणजे ती जमिनीची व खताची साक्ष देते, सौम्यतेची नव्हे.

फिकट पानाला प्रतिष्ठा देणारी पहिली भूमी क्यूबा नसून सुमात्रा होती. १८६३ मध्ये याकोबस नीनहाउस हा डच व्यापारी सुमात्राच्या पूर्व किनाऱ्यावरील देली येथे आला व तेथील सुलतानाकडून जमीन मिळवून त्याने तंबाखूची लागवड आरंभिली. ज्वालामुखीची सुपीक माती, दमट हवा आणि दिवसाचा बराच काळ ढगांनी झाकलेले आकाश, यांमुळे तेथील पान विलक्षण पातळ, रुंद, लवचीक व फिकट निपजे. अॅम्स्टरडॅमच्या लिलावांत त्याचा बोलबाला झाला, आणि १८६९ मध्ये 'देली मात्स्खापै' ही कंपनी स्थापन झाली. आज इंडोनेशियाच्या मोठ्या शहरांत गणले जाणारे मेदान हे या मळ्यांच्या पैशावर वाढलेले गाव आहे. या पानाला स्वतःची चव बेताचीच होती, आणि व्यापाराच्या दृष्टीने हाच त्याचा गुण होता. आतला गाभा कसाही असो, वरून हे पान चढविले की चिरूट देखणा व गुळगुळीत दिसे. शिवाय पान पातळ असल्याने थोड्या वजनात पुष्कळ चिरूट गुंडाळले जात.

या पातळ पानाची किंमत कोणी मोजली, याची नोंद येथे आवश्यक आहे. जंगल तोडून तयार केलेल्या जमिनीवर एकदा पीक घेतले की ती कित्येक वर्षे पडीक टाकावी लागे. मळे सतत सरकत राहत, आणि त्यांना मजुरांचा सतत पुरवठा लागे. हे मजूर प्रथम चीनमधून व पुढे जावामधून करारावर आणले गेले. १८८० च्या 'कुली अध्यादेशा'ने करार मोडणाऱ्या मजुरास दंड, कैद व सक्तीची मजुरी या शिक्षा ठरविल्या. म्हणजे दिवाणी स्वरूपाचा करार फौजदारी कायद्याच्या धाकाने राबविला जाऊ लागला. १९०२ मध्ये मेदान येथील वकील योहानेस व्हान डेन ब्रांड याने 'देलीचे कोट्यवधी' अशा अर्थाच्या मथळ्याची पुस्तिका प्रसिद्ध करून मळ्यांवरील मारहाण व छळ उघड केला. त्यानंतर सरकारी वकील रेमरेव्ह याने चौकशी करून १९०४ मध्ये अहवाल सादर केला. तो अहवाल डच सरकारने प्रसिद्ध होऊ दिला नाही. समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी तो १९८७ मध्ये प्रकाशात आणला. फौजदारी शिक्षेची ही पद्धत तंबाखूच्या मळ्यांतून हटली ती १९३१ च्या सुमारास, आणि तीही मुख्यतः करुणेपोटी नव्हे. सक्तीच्या मजुरीने निर्माण झालेल्या मालाला अमेरिकेच्या १९३० च्या जकात कायद्याने मज्जाव केला होता, आणि देलीच्या वेष्टनपानाला अमेरिकन गिऱ्हाईक गमावणे परवडणारे नव्हते.

अमेरिकेत हे पान १८८० च्या दशकात मोठ्या प्रमाणावर येऊ लागले, आणि कनेक्टिकटच्या खोऱ्यातील शेतकरी हवालदिल झाले. त्यांचे उघड्या उन्हात वाढलेले रुंद पान जाड व गडद असे; सुमात्राच्या पानाने ग्राहकाची दृष्टी पालटली होती. शेतकऱ्यांनी सरकारकडे संरक्षण मागितले. १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने आयात वेष्टनपानावरील जकात पौंडामागे ७५ सेंटांवरून २ डॉलरपर्यंत चढविली. परंतु जकात वजनावर होती, आणि सुमात्राच्या पानाचा पराक्रम वजन कमी असण्यातच होता! प्रत्येक चिरुटामागे पडणारी जकात सोसून कारखानदार ते पान घेतच राहिले. संरक्षक जकातीचा इतिहास अभ्यासणाऱ्यास हे उदाहरण मननीय वाटेल. ज्या गुणामुळे परदेशी माल सरस ठरत होता त्याच गुणामुळे तो जकातीच्या माऱ्यातूनही निसटत होता.

जकातीने जे साधले नाही ते कापडाने साधले. सुमात्राचे पान कोमल होण्याचे कारण तेथले ढग होत, तर कनेक्टिकटमध्ये ढग निर्माण करता येतील काय, असा प्रश्न कृषितज्ज्ञांपुढे होता. फ्लोरिडातील क्विन्सीच्या परिसरात १८९० च्या दशकात सावलीखाली तंबाखू वाढविण्याचे प्रयोग झाले होते. त्या अनुभवावर विसंबून अमेरिकेच्या कृषिखात्याच्या साह्याने १९०० मध्ये विंडसर गावाच्या पोक्वोनॉक भागात एक तृतीयांश एकरावर खांब उभारून त्यांवर विरळ विणीचे सुती कापड ताणण्यात आले व त्याखाली सुमात्राचे बी लावण्यात आले. मांडवाखाली ऊन गाळून येई, हवा दमट राही, वाऱ्याने पान फाटत नसे. आलेले पान पातळ, मोठे व फिकट होते. दुसऱ्याच वर्षी भांडवलदारांची झुंबड उडाली, कंपन्या निघाल्या, आणि दोनतीन हंगामांत त्यांपैकी बऱ्याच बुडाल्या; कारण बी एकजिनसी नव्हते आणि एकाच शेतात नाना प्रकारची झाडे उगवत. ए. डी. शॅमेल या शास्त्रज्ञाने निवडक झाडांच्या फुलोऱ्यावर कागदी पिशव्या बांधून परपरागीभवन रोखण्याची साधी युक्ती रूढ केली, तेव्हा पीक स्थिरावले. पुढे सुमात्राचे बी मागे पडून क्यूबन बियाण्यातून निवडलेला वाण तेथे कायम झाला. जगभर 'कनेक्टिकट शेड' म्हणून ओळखले जाणारे सौम्य चिरुटाचे प्रातिनिधिक वेष्टन ते हेच. अमेरिकन भूमी, क्यूबन बी आणि सुमात्राच्या ढगांची कापडी नक्कल असा हा संकर आहे.

मांडवातील शेतीला हात फार लागत. झाडावरची पाने एकदम न तोडता खालून वर, काही दिवसांच्या अंतराने दोनदोन तीनतीन करून खुडावयाची, दोऱ्यात ओवून काठ्यांवर टांगावयाची, कोठारांत मंद आचेवर वाळवावयाची; आणि हे सर्व करताना पानाला एक चीरही पडू द्यावयाची नाही, कारण फाटलेले वेष्टन कवडीमोलाचे. उन्हाळ्याच्या सुटीत स्थानिक शाळकरी मुलेमुली हे काम करीत. दुसऱ्या महायुद्धात मजूर मिळेनासे झाले तेव्हा दक्षिणेकडील कृष्णवर्णीय महाविद्यालयांतून विद्यार्थी आणले गेले. १९४४ च्या उन्हाळ्यात अटलांटाच्या मोअरहाउस महाविद्यालयाच्या तुकडीबरोबर सिम्सबरी येथील कलमन ब्रदर्सच्या मळ्यावर आलेल्यांत पंधरा वर्षांचे मार्टिन ल्यूथर किंग हेही होते. हार्टफर्डच्या एका उत्तम उपाहारगृहात गोऱ्यांच्या शेजारी बसून जेवता आले, याचे नवल त्यांनी घरी धाडलेल्या पत्रांत व्यक्त केले आहे. परतीच्या प्रवासात वॉशिंग्टनच्या पुढे पुन्हा विभक्त डब्यात बसावे लागले, त्याची बोच त्यांना दीर्घकाळ राहिली. धर्मोपदेशक होण्याची प्रेरणा आपणास १९४४ च्या उन्हाळ्यात झाली, असे त्यांनी पुढे धर्मशिक्षणसंस्थेकडे केलेल्या अर्जात नमूद केले. तंबाखूच्या मळ्याने ती प्रेरणा दिली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; परंतु विभक्ततेवाचूनचे जीवन कसे असते, हे त्यांना प्रथम दिसले ते फिकट पानाच्या या मळ्यांच्या परिसरात, एवढे निश्चित म्हणता येते.

क्यूबातही विसाव्या शतकाच्या आरंभापासून व्हुएल्ता आबाहो या श्रेष्ठ तंबाखूप्रदेशात 'तापादो', म्हणजे झाकलेली, लागवड सुरू झाली. हाव्हानाच्या कारखान्यांत वळलेले चिरूट रंगानुसार अनेक छटांत वेगळे केले जात, आणि पेटीत ते गडदाकडून फिकटाकडे अशा क्रमाने रचले जात. निर्यातीतही रंगाचा भेद होता. ब्रिटिश ग्राहकासाठी पिंगट छटांची निवड होई, तर अमेरिकन ग्राहकासाठी फिकट, पुष्कळदा हिरवट छटांची. हा हिरवा रंग निसर्गदत्त नव्हता. ताजे पान बंद कोठारात झपाट्याने उष्णता देऊन वाळविले की त्यातील हरितद्रव्य टिकून राहते. अशा पानास 'कांदेला' म्हणतात. १९५० च्या दशकातील व १९६० च्या दशकारंभीच्या अमेरिकेत या हिरव्या चिरुटाला मोठी मागणी होती. त्याची चव गवतासारखी व थोडी कोवळी असे. त्याला सौम्य म्हणण्याचे कारण ती चव नसून ग्राहकाच्या डोळ्याला गडद रंगाची वाटणारी धास्ती होय, असे मानणे अधिक युक्त ठरते.

७ फेब्रुवारी १९६२ रोजी क्यूबाविरुद्धची अमेरिकन व्यापारबंदी अमलात आली. अध्यक्ष केनेडी यांनी आज्ञेवर सही करण्यापूर्वी आपल्याकडून स्वतःसाठी बाराशे क्यूबन चिरूट जमवून घेतले, अशी आठवण त्यांचे वृत्तसचिव पिअर सॅलिंजर यांनी १९९२ मध्ये लिहिली आहे. ती कथा सर्वत्र सांगितली जाते. तिच्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, अध्यक्षांचा साठा संपल्यावर कोट्यवधी सामान्य ग्राहकांनी काय ओढावे, हा प्रश्न उरलाच. क्यूबन गाभ्याची जागा घेणारे पान तत्काळ कोठेच नव्हते. अमेरिकेच्या हाती उत्तम म्हणावी अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे कनेक्टिकटचे वेष्टन. किंग ज्यांच्या मळ्यावर राबले त्या कलमन घराण्याने १९६० च्या दशकाच्या आरंभी 'जनरल सिगार' ही कंपनी ताब्यात घेतली. १९६९ मध्ये या कंपनीने जमेकातील टेम्पल हॉल हा कारखाना विकत घेतला, आणि १९७१ मध्ये तेथील 'मॅकानुडो' हा चिरूट अमेरिकेत नव्याने बाजारात आणला : आत कॅरिबियन प्रदेशातील मवाळ गाभा व वर कनेक्टिकटचे मांडवातले पान. पुढे दीर्घकाळ तो अमेरिकेतील सर्वाधिक खपाच्या उंची चिरुटांत गणला गेला, आणि सौम्य चिरूट म्हणजे काय याचे माप त्यानेच ठरविले. अमेरिकन अभिरुची मूळचीच सौम्य होती व कारखानदारांनी तिला अनुसरले, असा सर्वसाधारण समज आहे. घटनांचा क्रम पाहता उलट अनुमान संभवते. जे पान देशात व स्वतःच्या मालकीच्या शेतात होते त्याच्या गुणांनाच गुणवत्ता असे नाव मिळाले. हिरव्या चिरुटाने तयार केलेली फिकटपणाची आवड या व्यवहाराच्या पथ्यावर पडली, हे अर्थात खरे.

यानंतरचा टप्पा युरोपातून आला. जिनिव्हाचे प्रसिद्ध विक्रेते झिनो डाव्हिडॉफ यांच्या नावाचे चिरूट क्यूबात वळले जात. गुणवत्तेवरून क्यूबन सरकारी कंपनीशी बेबनाव झाला, आणि ऑगस्ट १९८९ मध्ये डाव्हिडॉफ यांनी दर्जाहीन ठरविलेले एक लाखाहून अधिक चिरूट जाळून टाकले. लवकरच त्यांचे उत्पादन डोमिनिकन रिपब्लिकमध्ये हलले, व तेथे फिकट वेष्टनाचा, मृदू व अतिशय महाग असा चिरूट घडविला गेला. एरवी 'नवशिक्यांचा' म्हणून किंचित हिणविल्या जाणाऱ्या सौम्य चिरुटास यामुळे श्रीमंतीचे वलय लाभले.

१९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'सिगार अफिशियोनाडो' हे नियतकालिक निघाले आणि पारखीचे रूपांतर गुणपत्रिकेत झाले. मद्याच्या समीक्षेतून उचललेली शंभर गुणांची मोजपट्टी त्याने चिरुटाला लावली. बाह्यरूप व बांधणी, स्वाद, जळण्याची रीत आणि एकंदर ठसा अशा चार अंगांनी गुण दिले जातात. परीक्षकास नाव कळू नये म्हणून कागदी पट्टी काढून चिरूट दिला जातो, आणि ही दक्षता स्तुत्यच आहे. परंतु पट्टी काढता येते, वेष्टनाचा रंग काढता येत नाही. नावाचा पूर्वग्रह दूर करणारी ही पद्धत त्याहून जुना व खोल असा पूर्वग्रह मात्र जागच्या जागी ठेवते. या मोजपट्टीचा सौम्य चिरुटावर आणखी एक परिणाम झालेला दिसतो. एकापाठोपाठ अनेक चिरूट तपासणाऱ्याच्या जिभेवर ठसठशीत स्वाद अधिक टिकतो. मंद स्वाद विरून जातो. १९९० च्या दशकाअखेरपासून निकाराग्वाच्या जोरकस चिरुटांची जी चलती झाली, तिच्या अनेक कारणांत गुणांकनाची ही रीतही धरावी लागेल.

सौम्यतेच्या कल्पनेला सर्वांत गंभीर आव्हान वैद्यकाने दिले. हवेवर वाळविलेल्या चिरुटाच्या पानाचा धूर क्षारधर्मी असतो. म्हणून त्यातील निकोटीन धूर छातीत न घेताही तोंडातील त्वचेतून रक्तात उतरते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ मध्ये चिरुटांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला आणि मुख, स्वरयंत्र, अन्ननलिका व फुप्फुस यांच्या कर्करोगाशी नित्य चिरूट ओढण्याचा कार्यकारणसंबंध मांडला. जिभेला सौम्य लागणे आणि शरीराला सौम्य असणे यांचा परस्परांशी संबंध नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. २००९ च्या अमेरिकन कायद्याने तंबाखूच्या मालावर 'लाइट', 'माइल्ड', 'लो' असे शब्द विशेष अनुज्ञेवाचून वापरण्यास बंदी केली. २०१६ मध्ये चिरूटही या कायद्याच्या कक्षेत आणण्यात आले. २०२३ मध्ये वॉशिंग्टन येथील संघीय जिल्हा न्यायालयाने उंची, हाताने वळलेल्या चिरुटांपुरता तो नियम रद्द ठरविला. हा सर्व वाद शब्दांचा आहे. पानाचा रंग ग्राहकास जे सुचवितो ते कोणत्याही कायद्याच्या परिभाषेत बसणारे नाही.

दरम्यान कनेक्टिकटचे मांडव विरळ होत गेले. मजुरी व जमिनीच्या किमती वाढल्या, विंडसरच्या परिसरातील कित्येक शेतांवर वसाहती व गोदामे उभी राहिली, आणि तंबाखूच्या इतिहासाचे संग्रहालयही त्याच गावात निघाले. कनेक्टिकटचे बी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इक्वेडोरला पोहोचले. अँडीज पर्वताच्या पायथ्याशी पश्चिमेकडील सखल प्रदेशात लागवडीच्या हंगामात आकाश बहुतेक ढगाळ असते. तेथे कापड ताणण्याची गरज पडत नाही. पान पातळ व फिकट निपजते, मजुरी स्वस्त पडते, आणि आज सौम्य म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा चिरुटांवर हेच वेष्टन असते. व्यापारात त्याला 'इक्वेडोर कनेक्टिकट' म्हणतात. कनेक्टिकटच्या मूळ पानापेक्षा ते किंचित अधिक तेलकट व कमी गोड आहे, असे काही परीक्षक सांगतात. इतरांना पट्टी व पेटी न पाहता दोहोंतला भेद ओळखता येत नाही.